काटा मेलाय? टँक युनिट बदलायच्या आधी अर्थिंग बघा

जुनी फियाट किंवा अ‍ॅम्बेसिडर पाळणाऱ्या माणसाला पेट्रोलचा काटा चालतो का असं विचारू नये, तो एकतर विषय बदलतो नाहीतर "आपण किलोमीटरवर हिशोब ठेवतो" म्हणतो. खरं तर गाडीतल्या सगळ्यात सोप्या सर्किटांपैकी हे एक, आणि काटा पेट्रोल मोजतच नाही, मोजतो फक्त करंट, हे एकदा डोक्यात बसलं की फॉल्ट कुठे आहे ते घरच्या पार्किंगमध्ये शोधता येतं.

करंट बॅटरीतून मीटरमध्ये येतो, तिथून एक लांब वायर मागे टाकीपर्यंत, आणि टँक युनिटमधून बॉडीला अर्थ, झालं सर्किट. टँक युनिट म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसा फ्लोट, फक्त त्याचा दांडा इथे रेझिस्टन्सच्या तारेवरून घासत सरकतो. ब्रिटिश पद्धतीच्या बऱ्याच युनिटांत टाकी रिकामी असताना साधारण २४० ओहम आणि फुल्ल असताना ३० च्या आसपास मिळतात, व्हीडीओ (VDO, मीटर बनवणारी जर्मन कंपनी) च्या नेहमीच्या युनिटात बरोबर उलटं, रिकामी १० आणि फुल्ल १८०. त्यामुळे जुन्या बाजारातून "सेमच दिसतंय की" म्हणून उचललेलं युनिट बसवलं की पेट्रोल भरताना काटा खाली जातो आणि शिव्या खातो वायरमन.

आता टेस्ट. की ऑन करा, टँक युनिटवरची वायर काढा, काटा एका टोकाला जाईल. तीच वायर बॉडीच्या उघड्या पत्र्याला टेकवा, काटा दुसऱ्या टोकाकडे निघाला पाहिजे, निघाला की लगेच काढा कारण थेट अर्थ जास्त वेळ ठेवला तर मीटर जळू शकतं. कुठलं टोक आधी ते मीटरच्या जातीवर आहे, त्याचं टेन्शन नको. (टाकी उघडी असताना हे करायचं नाही, ठिणगी पडते, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचून राहते.) काटा नीट फिरला तर मीटर आणि वायर ठीक, घोळ मागे आहे. नाही फिरला तर मीटरच्या मागे जाऊन तीच टेस्ट करा, तिथे फिरला तर मधली वायर तुटलीय.

घोळ मागे असेल तरी लगेच पार्ट आणायला पुण्याच्या नाना पेठेत पळू नका. गाडी मस्त रंगवून आणली आणि काटा गेला, हे नेहमीचं आहे, कारण रंग म्हणजे इन्सुलेटर, टाकीखाली रबर आणि स्क्रूला गंज, मग करंट परत जाणार कुठून? युनिटच्या बॉडीपासून चासीला एक जादा वायर जोडून बघा. तरीही काटा रिकामाच दाखवत असेल तर फ्लोट बाहेर काढून कानाशी हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडालाय. पितळी फ्लोट तरंगतो तो आतल्या हवेच्या जोरावर, बारीक चीर पडली की संपलं. गरम पाण्यात धरलात तर चिरेतून बुडबुडे येतात. पण आत पेट्रोल असताना चिरेला डाग (सोल्डर) द्यायला जाऊ नका, सरळ नवा घ्या.

पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा असे दोन्ही काटे एकदमच वर किंवा खाली दाखवायला लागले तर टाकीकडे बघायचंच नाही. बायमेटलचं मीटर (दोन धातूंची जोडपट्टी तापली की वाकते आणि काटा ढकलते, म्हणून की फिरवल्यावर काटा सावकाश चढतो ते) उष्णतेवर चालतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इंजिन चालू झालं, १२ चे १४ व्होल्ट झाले की उष्णता ३६ टक्के जास्त, म्हणजे पेट्रोल तेवढंच पण काटा वर! म्हणून डॅशबोर्डमागे एक छोटा स्टॅबिलायझर असतो, तोही बायमेटलचाच, सतत ऑन-ऑफ होत सरासरी १० व्होल्ट देतो. डिजिटल मल्टिमीटरवर तिथे आकडे नाचताना दिसतात, घाबरू नका, ते तसंच असतं. आकडा १२ वर स्थिर असेल तर मात्र त्याचे कॉन्टॅक्ट चिकटलेत किंवा त्याचं स्वतःचं अर्थिंग गेलंय. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ७८१० नावाची, कायम १० व्होल्ट देणारी तीन पायांची आयसी किरकोळ पैशात मिळते, हाताशी सोल्डरिंगवाला असेल तर तीच जुन्या डबीत बसवून टाका, फक्त गाडी निगेटिव्ह अर्थची (बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली) आहे ना ते आधी बघा.

सगळं दुरुस्त झाल्यावरही काटा अर्ध्यावर म्हणजे टाकी अर्धी असं धरू नका, कारण टाकी काही सरळ डबा नसते. पुढच्या वेळी टाकी जवळजवळ रिकामी झाली की पंपावर पाच-पाच लिटर भरत प्रत्येक वेळी की ऑन करून काटा कुठे थांबतो ते लिहून घ्या, पंपवाला वैतागेल, त्याला तेवढं चालवून घ्यायला सांगा.