ब्रायटन : रस्ते आणि ऐतिहासिक वास्तू

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील, ससेक्स भागातले प्रसिद्ध विहारस्थळ. लंडनपासून सुमारे ७५ किमी. दक्षिणेस. शेजारच्या होव्हसह २००० पासून यास शहराचा दर्जा आहे. ब्रायटन म्हटले की रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्याचे घुमट आठवतात; परंतु हे शहर समजून घ्यायचे तर आधी त्याच्या रस्त्यांकडे पाहावे. इथले अनेक जुने रस्ते जुन्या शेतांच्या बांधांवरून आखले गेले आहेत.

मूळ गाव मच्छीमारांचे. अकराव्या शतकातील डूम्सडे या इंग्लंडच्या जमीनमहसूल पाहणीत त्याचा सारा ४,००० हेरिंग मासे असा नोंदलेला आहे. १५१४ मध्ये फ्रेंचांनी हे गाव जाळले. नॉर्थ स्ट्रीट, ईस्ट स्ट्रीट व वेस्ट स्ट्रीट या तीन रस्त्यांनी त्याची सीमा आजही दिसते. चौथी बाजू समुद्राची, आणि तिकडची वस्ती लाटांनी गिळली. या चौकटीच्या मध्यभागी दोरखंड व जाळ्यांसाठी तागासारख्या हेम्पचे वाफे होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या वाफ्यांवर घरे उभी राहिली आणि ‘द लेन्स’ नावाच्या अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्या तयार झाल्या. आज तिथे सराफांची व जुन्या वस्तूंची दुकाने आहेत. या गल्ल्या मध्ययुगीन असल्याचे सांगितले जाते, ते तितकेसे खरे नाही.

नॉर्थ लेनची (‘द लेन्स’हून हा भाग वेगळा) कथा याहून बोलकी आहे. गावाभोवतीची सामाईक शेतजमीन पाच मोठ्या भागांत विभागलेली होती. नॉर्थ लेन हा त्यांपैकी एक. त्यात लांबट, अरुंद पट्ट्या आणि त्यांना आडव्या छेदणाऱ्या पायवाटा असत. शेते विकली गेली ती पट्टीपट्टीने, म्हणून घरांच्या रांगाही तशाच दाटीच्या झाल्या. चर्च स्ट्रीट, नॉर्थ रोड हे रस्ते त्या जुन्या पायवाटांवर आहेत. १९७० च्या दशकात रस्ता व वाहनतळासाठी हा भाग पाडण्याचा विचार होता. तो मागे पडला आणि १९७७ मध्ये हे संरक्षित क्षेत्र ठरले. छोट्या दुकानांचा हा गजबजलेला भाग गेला असता, तर शहराचे न भरून येणारे नुकसान झाले असते.

गावाचे नशीब पालटले ते वैद्यकामुळे. लूइस गावचे डॉक्टर रिचर्ड रसेल यांनी १७५० मध्ये ग्रंथिविकारांवर समुद्राच्या पाण्याचा उपचार सांगणारा लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला व पुढे ब्रायटनमध्ये घर बांधले. त्या जागी १८२६ मध्ये रॉयल ॲल्बियन हॉटेल झाले; २०२३ च्या आगीत त्याची मोठी हानी झाली. रसेल यांच्या घरासमोरचे ओल्ड स्टीन हे मच्छीमारांचे जाळी वाळत घालायचे मोकळे मैदान होते. श्रीमंत पाहुण्यांच्या फेरफटक्यासाठी त्याला कुंपण पडले आणि मच्छीमार किनाऱ्याकडे सरकले. विहारस्थळाच्या वैभवाची ही किंमत कोणी मोजली, ते विसरता कामा नये.

१७८३ मध्ये युवराज जॉर्ज (पुढे चौथा जॉर्ज) प्रथम इथे आला. हेन्री हॉलंडने १७८७ मध्ये त्याच्यासाठी साधेसे घर बांधले. विल्यम पॉर्डनने १८०३ ते १८०८ मध्ये मोठ्या घुमटाखाली घोड्यांच्या पागा उभारल्या; तिथे आता ‘डोम’ हे सभागृह आहे आणि १९७४ ची युरोव्हिजन गायनस्पर्धा तिथेच झाली. १८१५ ते १८२२ या काळात जॉन नॅशने मूळ घरावर लोखंडी सांगाडा चढवून आजच्या रॉयल पॅव्हिलियनचे घुमट व मनोरे केले. नॅश भारतात कधीच आला नव्हता. थॉमस व विल्यम डॅनियल यांनी चितारलेल्या भारतीय वास्तूंची छाप या शैलीवर आहे; आतली सजावट मात्र चिनी धाटणीची. राणी व्हिक्टोरियाला ही जागा रुचली नाही आणि १८५० मध्ये ती नगराने विकत घेतली.

भारताशी ब्रायटनचे खरे नाते या घुमटांहून वेगळ्या ठिकाणी आहे. पाटण्याच्या साके दीन महोमेद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इथे वाफेचे स्नान व चंपीचे केंद्र काढले, ते राजाचेही उपचारक झाले. त्यांची कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ पासून पॅव्हिलियन व डोम हे जखमी भारतीय सैनिकांचे रुग्णालय झाले. धर्म व जातीनुसार नऊ स्वयंपाकघरे होती, पाण्याचे नळही हिंदू-मुसलमानांसाठी वेगळे. मृत्यू पावलेल्या ५३ हिंदू व शीख सैनिकांवर शहराबाहेरच्या टेकडीवर अग्निसंस्कार झाले. तिथली संगमरवरी ‘छत्री’ मुंबईचे वास्तुरचनाकार ई. सी. हेन्रिक्स यांनी आखली. १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले. त्याच वर्षी पॅव्हिलियनच्या दक्षिण दारी गुजराती शैलीचे प्रवेशद्वारही उभारले गेले.

समुद्राकडे तोंड केलेल्या पांढऱ्या, अर्धचंद्राकृती घरांच्या रांगा रीजन्सी काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या, युवराज जॉर्जच्या जमान्यातल्या. पूर्वेला केम्प टाउनमधील ससेक्स स्क्वेअर व लूइस क्रेसंट थॉमस रीड केम्पच्या भांडवलातून १८२३ पासून आकाराला आले; वास्तुकार ॲमन वाइल्ड्स आणि चार्ल्स बझ्बी. काही घरांच्या स्तंभांवर ॲमोनाइट शंखांचे वळसे कोरलेले दिसतात. या देखण्या दर्शनी भागांमागे भिंती बहुधा ‘बंगरूश’च्या असतात : गारगोट्या, विटांचे तुकडे, चुना असे हाताशी येईल ते ओतून केलेल्या. पाणी मुरले की त्या ढासळतात, त्यामुळे घरमालकांना डागडुजीतून सुटका नाही. काळ्या चकचकीत गणिती कौलांनी मढवलेला रॉयल क्रेसंटही असाच. ती कौले लांबून विटांसारखी भासतात.

१८४१ मध्ये रेल्वे आली आणि दिवसभराच्या सहलीसाठी सामान्य लंडनकर येऊ लागले. १८०१ मध्ये सुमारे ७,००० असलेली लोकसंख्या १८५१ पर्यंत ६५,००० झाली. १८६४ चे ग्रँड हॉटेल १९८४ मध्ये आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या बॉम्बने हादरले. पाच जण ठार झाले, पुढे ते पुन्हा बांधले गेले. मॅग्नस व्होल्कने १८८३ मध्ये किनाऱ्यालगत सुरू केलेली विजेची रेल्वे आजही धावते. चालू असलेल्या अशा रेल्वेंत ती जगात सर्वांत जुनी मानतात. समुद्रात शिरणाऱ्या तीन पुलांपैकी (पिअर) १८२३ चा चेन पिअर १८९६ च्या वादळात गेला. यूजीनियस बर्चने बांधलेला वेस्ट पिअर (१८६६) १९७५ मध्ये बंद झाला व २००३ च्या आगींनंतर त्याचा लोखंडी सापळा उरला. १८९९ चा पॅलेस पिअर मात्र चालू असून तिथे अजून पाळणे व खेळ असतात.