टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे

शॉवरच्या भिंतीला टाइल लावली, सांधे ग्राउटने भरले की पाणी आत जात नाही, हा समज वर्षानुवर्षे चालत आलाय. तो चुकीचा आहे. टाइल पाणी अडवते, पण सिमेंटचं ग्राउट ते शोषतं. अंघोळीनंतर नीट पाहा: टाइल कोरडी झाली तरी सांधा गडद, ओलाच असतो. तेच पाणी मागच्या प्लास्टरमध्ये उतरतं.

पाणी खरं अडवतो तो टाइलच्या मागचा वॉटरप्रूफिंगचा लेप. प्लास्टर सुकल्यावर कोपऱ्यांत आणि भिंत-जमिनीच्या सांध्यात जाळीची पट्टी बसवा, मग लेपाचे दोन हात द्या. पहिला उभा, तो सुकल्यावर दुसरा आडवा. शॉवरच्या तोंडाच्याही वरपर्यंत न्या. गळती बहुतेकदा सपाट भिंतीत नाही, तर पाइप बाहेर येतो तिथे सुरू होते, म्हणून तिथे रबरी कॉलर हवीच. कोपऱ्यात ग्राउट तडकतं, सिलिकॉन भरा.

हा लेप बाथरूममधल्या पाण्याचा आणि पाइपचा आवाज मात्र अडवत नाही. थर्माकोलही नाही, तो फार हलका असतो. पोकळ भिंतीत रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) भरा आणि पाइपला रबर लावलेले क्लॅम्प वापरा.