खेळावर टीका करणारा कलावंत खेळाचा शत्रू असतो काय?

स्पर्धात्मक खेळांवर भाष्य करणाऱ्या समकालीन कलावंतांना खेळ कळत नाही, किंबहुना त्यांना त्याचा तिटकाराच असतो, हा समज जुना असला तरी प्रत्यक्ष कलाकृती पाहता तो टिकत नाही.

जर्मन चित्रपटकार हारून फारोकी यांनी २००६च्या विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना १२ पडद्यांवर मांडला. त्यात थेट चित्रणासोबत आकडेवारी आणि पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांची दृश्येही होती. सामन्याकडे इतक्या बारकाईने पाहणे तिटकाऱ्यातून घडत नाही. त्यांचा रोख खेळाडूंवर नसून त्यांच्या प्रत्येक हालचालीचे मोजमाप करणाऱ्या यंत्रणेवर होता.

इटालियन कलावंत मौरिझियो कातेलान यांनी १९९१ मध्ये २२ जणांना एकाच वेळी खेळता येईल असे लांबलचक टेबल-फुटबॉल घडवले आणि त्यावर इटालियन खेळाडूंसमोर आफ्रिकेतून आलेले स्थलांतरित कामगार खेळायला उभे केले. ‘आपला संघ’ म्हणताना आपण कोणाला वगळतो, हा त्यातला प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

मेक्सिकन कलावंत गाब्रिएल ओरोझ्को यांनी तर १९९८ मध्ये टेबल टेनिसच्या जाळीच्या जागी कमळांचे तळे ठेवून चौघांसाठी नवाच खेळ रचला, ज्याचे नियम खेळणाऱ्यांनीच शोधायचे असतात.