फ्रिजवरच्या क्लिपचं वजन कोण पेलतं?

चुंबकी हुकाच्या पाकिटावर ‘१० किलो’ असं ठळक छापलेलं असतं. तो हुक फ्रिजच्या दाराला लावावा, त्यावर तीनेक किलो कांद्याची पिशवी अडकवावी, आणि हुक सरकत सरकत खाली यावा, हे बऱ्याच घरांत घडतं. गिऱ्हाईक म्हणतं, फसवलं. दुकानदार म्हणतो, याहून मोठं चुंबक न्या. दोघांचंही चुकतं. पाकिटावरचा आकडा खरा असू शकतो, आणि मोठं चुंबक आणून हा प्रश्न सुटेलच असं नाही.

गोव्यात या वस्तू सोयीच्या पडतात, त्याला आपल्या भिंतीही कारण आहेत. जुन्या घरातल्या चिऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकला की आधी लाल भुगा गळतो, मग खिळा. पणजी-मडगावच्या भाड्याच्या फ्लॅटात मालक ड्रिल लावू देत नाही. चिकटपट्टीचे हुक जूनच्या ओलीत भिंत सोडतात. मग उरतं घरातलं आणि कचेरीतलं लोखंड: फ्रिज, पत्र्याचं कपाट, फायलींची कॅबिनेट, खिडकीचे गज. वीजबिल, गॅसचं पुस्तक, मुलांचं वेळापत्रक, टेबलामागून लोंबणारी चार्जरची वायर, सगळं तिथेच क्लिपांनी लागतं.

आता त्या १० किलोंचं बघू. हा आकडा काढताना चुंबक जाड, सपाट पोलादी ठोकळ्याला लावतात आणि सरळ आपल्याकडे ओढतात. किती जोर लावल्यावर सुटलं, ते पाकिटावर छापतात. फ्रिजच्या दारावर मात्र चुंबक दाराला आडवं खेचतं आणि पिशवी खाली ओढते. या दोन दिशा काटकोनात आहेत, त्यामुळे चुंबकाची ओढ वजनाला थेट काहीच मदत करत नाही. वजन पेलतं ते घर्षण. चुंबकाचं काम फक्त दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून धरण्याचं. गुळगुळीत निकेल आणि रंगवलेला पत्रा यांच्यातला घर्षणाचा गुणांक साधारण ०.२ धरला, तर १० किलोंच्या दाबाला २ किलोच पेलतात. हुकाचा दांडा लांब असेल तर तेवढेही नाहीत, कारण मग तरफ तयार होते आणि चुंबकाची वरची कड आधी सुटते. पाठीला रबराचं पातळ टोपण असलेला हुक कमी शक्तीचा असूनही जास्त टिकतो, तो याच हिशेबाने.

ओढ किती लागेल, हे संपर्काच्या जागी चुंबकीय क्षेत्र किती आहे यावर ठरतं, आणि तेही वर्गाच्या प्रमाणात. हे क्षेत्र टेस्ला या एककात मोजतात. लोखंडाला टेकलेल्या एका चौरस सेंटिमीटरवर १ टेस्लाचं क्षेत्र असेल तर ओढ सुमारे ४ किलोंची. क्षेत्र निम्मं झालं की ओढ पावपट, म्हणजे १ किलो. (तुलनेसाठी, गोव्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. होकायंत्राची सुई फिरवायला तेवढं पुरतं.) मध्ये थोडी जरी फट आली तरी क्षेत्र घटतं, आणि ओढ त्याहून भराभर घटते. झेरॉक्सचा नेहमीचा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे दहा कागद दाबून धरणाऱ्या गोल चुंबकापुढे एक मिलिमीटरची फट.

चुंबकी क्लिप साध्या चुंबकापेक्षा हुशार आहे ती इथे. तिच्यात दोन कामं वेगळी केलेली आहेत: कागद धरायचं काम स्प्रिंगच्या जबड्याचं, पत्र्याला धरायचं काम पाठीवरच्या चुंबकाचं. कागद एक असो वा तीस, चुंबक आणि पत्रा यांच्यामध्ये तो येतच नाही. इतक्या साध्या युक्तीचं कौतुक क्वचितच होतं.

मग क्लिपचं चुंबक दुप्पट मोठं केलं तर? इथे पत्रा आडवा येतो. बलरेषा एका ध्रुवातून निघतात, पत्र्यात शिरतात, पत्र्यातून आडव्या जातात आणि परत दुसऱ्या ध्रुवाकडे वळतात. लोखंडाला त्या वाहून नेण्याची मर्यादा असते. साधारण २ टेस्लाला लोखंड संपृक्त होतं, त्यातले सगळे अणुचुंबक, म्हणजे इवल्या चुंबकांसारखे वागणारे अणू, एका दिशेला वळून झालेले असतात आणि पुढे वाढायला जागाच उरत नाही. आषाढातल्या पावसाचं पाणी अरुंद व्हाळात मावेनासं झालं की काठ ओलांडून शेतात पसरतं, तसं उरलेलं क्षेत्र पत्र्याच्या पलीकडे गळतं. हिशेब करून बघू. २० मिलिमीटर व्यासाचं चुंबक घ्या, त्याच्या तोंडाशी अर्धा टेस्ला. पत्रा अर्धा मिलिमीटर जाड. चुंबकाच्या परिघाभोवती पत्र्याचं जे आडवं छेदक्षेत्र मिळतं ते सुमारे ३१ चौरस मिलिमीटर, आणि चुंबकाचं तोंड आहे ३१४ चौरस मिलिमीटरचं. म्हणजे दहापट अरुंद वाट. तिच्यातून २ टेस्लाने जेवढं जाईल ते एकूण प्रवाहाच्या ४० टक्के. बाकीचं वाया. खात्री करायची असेल तर पत्र्याच्या कपाटाच्या दाराला बाहेरून दणकट चुंबक लावा आणि दाराच्या आतल्या अंगाला त्याच जागी स्टेपलरची पिन धरा. पिन चिकटते.

यावर उपाय चुंबक वाढवण्याचा नाही, वाट आखूड करण्याचा आहे. जाहिरातीच्या चपट्या, लवचिक फ्रिज-चुंबकात तोच केलेला असतो. फेराइटची, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेल्या चुंबकी द्रव्याची, पूड रबरात कालवून त्याची पट्टी काढतात आणि तिच्यावर उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण असे एक-दोन मिलिमीटर रुंदीचे पट्टे चुंबकित करतात. बलरेषेला पत्र्यात शिरून शेजारच्याच पट्ट्याकडे वळायचं असतं, त्यामुळे पातळ पत्राही पुरून उरतो. अशी दोन चुंबकं काळ्या बाजू एकमेकींना टेकवून घासून बघा. एका दिशेने ओढली तर टक-टक उड्या मारतात, काटकोनात ओढली तर गुळगुळीत सरकतात. टक-टक म्हणजे पट्टे मोजले जात आहेत.

याच्या पुढची गंमत जॉन मॅलिन्सन यांनी १९७३ साली गणिताने दाखवली. चुंबकनाची दिशा पट्टीच्या लांबीवर गोल फिरवत नेली, तर एका बाजूचं क्षेत्र जवळजवळ नाहीसं होतं आणि सगळी ताकद दुसऱ्या बाजूला येते. पुढे क्लाउस हाल्बाख यांनी कणत्वरकांसाठी, म्हणजे अणूहून लहान कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांसाठी, याच रचनेचा उपयोग केला. पट्ट्यांची किंमत मात्र मोजावी लागते: क्षेत्र अंतराबरोबर घातांकी वेगाने उतरतं. पट्टा २ मिलिमीटरचा असेल तर दर ०.६४ मिलिमीटरला ते ३७ टक्क्यांवर येतं, आणि ओढ वर्गाने बदलत असल्यामुळे दोन कागदांतच पकड जवळपास निम्मी होते. म्हणून लवचिक चुंबकाखाली लग्नाची जाड पत्रिका टिकत नाही. चांगल्या क्लिपांमध्ये चुंबक पोलादी वाटीत बसवतात, त्यामागेही परतीची वाट जवळ आणण्याचाच विचार आहे. वाटीमुळे टेकल्यावरची पकड वाढते, लांबची ओढ घटते. क्लिपला लांबची ओढ हवीच असते कुठे?

लोखंड आहे म्हणजे चुंबक चिकटणार, हेही खरं नाही. डिचोली-सांग्याच्या खाणींतून निघणारं हेमटाइट हे लोखंडाचंच खनिज, आणि चिऱ्याचा लाल रंगही लोखंडाच्या ऑक्साइडांचाच. तरी भिंतीला क्लिप लागत नाही. या ऑक्साइडांत शेजारशेजारचे अणुचुंबक उलटसुलट उभे असतात आणि एकमेकांना जवळजवळ पुरते खोडून काढतात. स्टेनलेस स्टीलची कथा निराळी. ३०४ जातीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे अणूंची मांडणी बदलते आणि चुंबक चिकटत नाही. ४३० मध्ये निकेल घातलेलं नसतं, तिथे चिकटतं. भांड्यांच्या बाजारात ‘चुंबक चिकटलं तर स्टील खोटं’ म्हणतात ते दोन्हीकडून फसतं: ४३० अस्सल स्टेनलेस आहे, आणि निकेलऐवजी बरंचसं मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही. नवा फ्रिज घेताना खिशात एक क्लिप असू द्यावी, एवढंच.

आणि रक्तात लोह असतं म्हणून मनगटात चुंबकाचं कडं घालणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. हिमोग्लोबिनमधलं लोह लोखंडासारखं वागत नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरिएल यांनी १९३६ मध्येच मोजलं होतं की प्राणवायू घेतलेल्या रक्ताला चुंबक किंचित दूरच लोटतं. एमआरआयच्या बोगद्यात माणूस १.५ किंवा ३ टेस्लात अर्धा तास पडून असतो, त्याचं रक्त कुठे ओढलं जात नाही. कड्याने फक्त विकणाऱ्याचा खिसा भरतो.

आपल्या हवेत खरा शत्रू गंज. छोट्या दणकट क्लिपांत असतं ते निओडिमियम या धातूचं चुंबक: निओडिमियमचे दोन अणू, लोखंडाचे चौदा, बोरॉनचा एक. १९८३ मध्ये जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी ते स्वतंत्रपणे पुढे आणलं. त्याच्या कणांमधल्या सांध्यांत निओडिमियम जास्त असतं आणि ओल तिथूनच आत शिरते. म्हणून त्यावर निकेलचा पातळ मुलामा देतात. कडेला टवका उडाला की वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पावसाच्या आणि खाऱ्या वाऱ्याच्या प्रदेशात चुंबक फुगतं, मुलाम्याला फोड येतात आणि शेवटी करडी पूड हातात येते. फेराइटला ही भीती नाही, तो मुळातच ऑक्साइड. त्यात आणखी गंजायला काही उरलेलं नसतं. ताकद कमी, पण मिरामार-कळंगुटकडच्या खिडकीच्या गजांना तोच बरा. निओडिमियम हवंच असेल तर प्लॅस्टिकमध्ये पुरतं बंद केलेलं घ्यावं, आणि शेगडीपासून लांब ठेवावं, कारण साध्या प्रतीची ही चुंबकं ८० अंशांच्या वर शक्ती गमावू लागतात. पेसमेकर असलेल्यांनी छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर धरावं. तुटलेल्या क्लिपमधून सुटलेली चुंबकं लगेच उचलून टाकावीत. लहान मुलाने दोन गिळली तर ती आतड्याच्या दोन वळ्या मध्ये चिमटून एकमेकांना चिकटतात, आतड्याला भोक पडू शकतं. अशा वेळी दुखायला लागण्याची वाट न बघता तडक इस्पितळ गाठावं.