फिलिपिन्समधील सिनेट निवडणूक

फिलिपिन्सच्या द्विगृही संसदेतील वरिष्ठ सभागृहासाठी, म्हणजे सिनेटसाठी, दर तीन वर्षांनी मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी होणारी थेट निवडणूक. सिनेटमध्ये २४ सदस्य असून प्रत्येकाची मुदत सहा वर्षांची असते. एका खेपेस १२ जागा भरल्या जातात आणि नवे सदस्य ३० जूनला दुपारी पदावर येतात. लागोपाठ दोनपेक्षा जास्त वेळा निवडून येता येत नाही. उमेदवार जन्माने फिलिपिनो, किमान ३५ वर्षांचा, साक्षर, नोंदणीकृत मतदार आणि निदान दोन वर्षे देशात राहिलेला असावा लागतो. राज्यसभेप्रमाणे येथे आमदार मत देत नाहीत. मतदारसंघही नाहीत; अख्खा देश हाच एक मतदारसंघ असतो. १९८७ च्या राज्यघटनेने ही रचना कायम केली. सध्याचे चक्र १९९२ पासूनचे आहे. त्या वर्षी सर्व २४ जागा भरल्या गेल्या. पहिल्या बारांना सहा वर्षे आणि उरलेल्या बारांना तीन वर्षे मिळाली.

मतदार जास्तीत जास्त १२ नावांपुढची वर्तुळे भरतो आणि देशभरात सर्वाधिक मते मिळवणारे पहिले बारा निवडून येतात. कमी नावे निवडली तरी चालते. तेरावे वर्तुळ भरले की मात्र त्या मतपत्रिकेवरची सिनेटची सगळीच मते बाद होतात; बाकीच्या पदांची मते ग्राह्य राहतात. साखर कारखान्याच्या किंवा पतसंस्थेच्या संचालक मंडळाची निवडणूक पाहिलेल्या वाचकाला ही पद्धत नवी वाटणार नाही. पॅनेलही तसेच उभे राहते. फरक असा की मतपत्रिकेवर पॅनेलचा शिक्का नसतो: साठाहून अधिक नावे आडनावांच्या वर्णक्रमाने छापलेली असतात आणि आपले बारा जण मतदाराने त्यांतून हुडकायचे असतात. १९४० च्या दशकात नुसते पक्षाचे नाव लिहून सर्व मते एकगठ्ठा देता येत. १९५१ पासून ती सोय गेली, आणि आघाडीची पकड ढिली होण्यास तिथूनच सुरुवात झाली असे म्हणता येते.

कागदावरचे गणित आघाडीच्या बाजूचे आहे. चाळीस टक्के मतदारांनी एकाच पॅनेलला बाराच्या बारा मते दिली आणि बाकीचे विखुरले, तर निकाल १२–० लागेल. १९८७ मध्ये राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांच्या पॅनेलने २४ पैकी २२ जागा घेतल्या. विरोधकांचे हुआन पोन्से एन्रिले आणि जोसेफ एस्त्रादा एवढेच आले. असा सपाटा पुढे क्वचितच दिसला, कारण बहुतेक मतदार ओळखीच्या नावांची सरमिसळ करतात. त्यामुळे प्रत्येक पॅनेलला भीती दुहेरी असते. एक म्हणजे स्थानिक महापौर-गव्हर्नर नमुना मतपत्रिका वाटताना पॅनेलमधली एक-दोन नावे गाळून दुसरीच घुसडतात. दुसरे म्हणजे अपुरे पॅनेल: आठच उमेदवार दिले तर समर्थकाची उरलेली चार मते प्रतिस्पर्ध्यांकडे जाऊन तेच आपल्या आठव्याच्या वर चढू शकतात. म्हणून लहान गट ‘आमच्या दोघांनाच द्या, बाकी कोरे ठेवा’ असा प्रचार करतात. इग्लेसिया नी क्रिस्तो हा पंथ आपली यादी जाहीर करतो आणि अनुयायी ती पाळतात. बाराव्या क्रमांकाच्या आसपास घुटमळणाऱ्याला हा गठ्ठा तारून नेतो.

पॅनेले कशी जुळतात आणि फुटतात हे २००७ आणि २०१३ या दोन निवडणुका एकत्र पाहिल्या की कळते. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्षा ग्लोरिया मकापागाल आरोयो यांच्या ‘टीम युनिटी’समोर ‘जेन्युइन ऑपोझिशन’ उभी होती. विरोधकांना ७, प्रशासनाला ३ आणि अपक्षांना २ जागा मिळाल्या. लोरेन लेगार्डा सुमारे १ कोटी ८५ लाख मतांनी पहिल्या आल्या. मतदार तेव्हा नावे हाताने लिहीत. साहजिकच समान आडनावाचा डमी उभा करण्याची युक्ती चाले, आणि अॅलन पीटर कायेतानो यांना तिचा त्रास झाला. खरा घोळ बाराव्या जागेचा होता. हुआन मिगेल सुबिरी आणि कोको पिमेंतेल यांच्यात वीस हजारांहून कमी मतांचे अंतर राहिले, आणि मागिंदनाओ प्रांतातून आलेल्या प्रमाणपत्रांत प्रशासनाचे सर्व बारा उमेदवार आघाडीवर होते. याला तिकडे ‘दाग्दाग-बावास’, म्हणजे भर घालणे आणि वजा करणे, म्हणतात. मतपेटीला हात लावायचा नाही. केंद्र ते नगरपालिका, नगरपालिका ते प्रांत अशा बेरजेच्या पायऱ्यांवर एकाचे आकडे दुसऱ्याच्या खात्यात टाकायचे. कोको यांचे वडील आक्विलिनो पिमेंतेल यांनी १९९५ मध्ये हीच तक्रार केली होती. सुबिरी यांनी गैरप्रकाराशी संबंध नाकारला, पण ऑगस्ट २०११ मध्ये राजीनामा दिला आणि जागा पिमेंतेल यांना मिळाली. मुदतीची चार वर्षे तोवर संपली होती.

२०१३ मध्ये विरोधी ‘युना’ने सुबिरी यांना उमेदवारी दिली, तेव्हा त्यांच्याबरोबर एका व्यासपीठावर बसण्यास पिमेंतेल यांनी नकार दिला आणि ते राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो यांच्या ‘टीम पीनॉय’मध्ये गेले. लेगार्डा, फ्रान्सिस एस्कुदेरो आणि ग्रेस पो हे तिघे तर सुरुवातीला दोन्ही पॅनेलांत ‘पाहुणे उमेदवार’ होते. सभांना येत नाहीत म्हणून युनाने त्यांना वगळले. निकाल ९–३ लागला, आणि त्या नवांत हे तिघेही होते. पो पहिल्या आल्या.

२०१९ मध्ये विरोधकांच्या ‘ओत्सो दिरेत्सो’चे आठही उमेदवार पडले. १२ मे २०२५ ला राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस (धाकटे) यांच्या गटाची ‘आल्यान्सा’ आणि माजी राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांचा गट आमनेसामने होते. नेहमीपेक्षा जास्त काही पणाला लागले होते, कारण प्रतिनिधिगृहाने रोद्रिगो यांच्या कन्या, उपाध्यक्षा सारा दुतेर्ते यांच्यावर महाभियोग आणलेला होता. असा खटला सिनेटपुढे चालतो आणि दोषी ठरवण्यास २४ पैकी १६ मते लागतात, म्हणजे नऊ सिनेटर सुटकेला पुरेसे. दुतेर्ते गटाचे बाँग गो पहिले आले. दोन्ही गटांबाहेरचे आणि सर्वेक्षणांत मागे असलेले बाम अकिनो दुसरे आणि किको पांगिलिनान पाचवे आले. कामिल व्हिलार आल्यान्साच्या यादीत होत्या आणि सारा दुतेर्ते यांचाही त्यांना पाठिंबा होता. राष्ट्राध्यक्षांच्या भगिनी इमी मार्कोस मार्चमध्ये आल्यान्सा सोडून बाराव्या आल्या. तेव्हा कोणाला किती जागा, याचे उत्तर मोजणारा व्हिलार यांना कुठे धरतो यावर बदलते. आघाडीनिहाय तक्ते वाचताना हे ध्यानात ठेवावे.

अर्ज आदल्या ऑक्टोबरमध्ये भरले जातात, तर प्रचाराचा अधिकृत काळ फक्त ९० दिवसांचा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या निकालानुसार तो सुरू होईपर्यंत अर्जदार कायद्याने ‘उमेदवार’च नसतो, त्यामुळे मधल्या चार महिन्यांतल्या जाहिरातींवर कारवाई होत नाही. पक्षाच्या उमेदवाराची खर्चमर्यादा नोंदणीकृत मतदारामागे ३ पेसो आहे. २०२५ मध्ये देशात सुमारे ६ कोटी ८४ लाख मतदार होते, म्हणजे मर्यादा साधारण साडेवीस कोटी पेसो. या मधल्या काळातला खर्च तिच्यात बसवायचा की नाही, हा प्रश्न दर वेळी उरतोच.

२०१० पासून यंत्रे मतपत्रिका वाचतात, आणि २०१६ पासून मतदाराला छापील पावती तपासून पेटीत टाकता येते. सिनेटची अंतिम बेरीज निवडणूक आयोग (कोमेलेक) स्वतः करतो. २००७ मध्ये बारावा विजेता जाहीर व्हायला दोन महिने लागले होते. २०२५ मध्ये सर्व बारा जण १७ मे रोजी जाहीर झाले. तंट्यांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाचे तीन न्यायाधीश आणि सहा सिनेटर यांचे न्यायाधिकरण देते. मध्येच जागा रिकामी झाली तर ती बहुधा पुढच्या निवडणुकीपर्यंत तशीच राहते. २००१ मध्ये तेओफिस्तो गिंगोना उपाध्यक्ष झाल्यामुळे १३ जागा भरल्या गेल्या, आणि तेरावे आलेले ग्रेगोरियो होनासान यांना उरलेली तीनच वर्षे मिळाली.