खानदेशातील मारधाडपट आणि रहस्यकथा

तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतील शहरांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजलेली, हाणामारीचे चित्रपट व गुन्हेशोधाच्या कादंबऱ्या पाहण्या-वाचण्याची आणि पुढे स्वतः लिहिण्याची परंपरा. तीत मुंबईत लिहिले गेलेले हिंदी मारधाडपट व त्यांना इथे मिळालेला प्रतिसाद, मराठी-हिंदी-उर्दू रहस्यकथांचे वाचन आणि २०००च्या सुमारास मालेगावात सुरू झालेली स्थानिक चित्रपटनिर्मिती यांचा समावेश होतो. नटांवर आणि दिग्दर्शकांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पटकथालेखक मात्र मागे राहिला. प्रस्तुत नोंदीत त्याला मध्यभागी ठेवले आहे.

मालेगाव खानदेशात धरावे की नाही, याविषयी मतभेद आहेत. ब्रिटिश अमदानीतील खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे धुळे होते. १८६९मध्ये नाशिक जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा मालेगाव, नांदगाव व बागलाण हा मुलूख खानदेशातून काढून त्याला जोडण्यात आला. उरलेल्या खानदेशाचे १९०६मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच आजचे जळगाव व धुळे, आणि १९९८मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. महसुली हिशेबाने पाहणारे म्हणूनच मालेगावला नाशिककर मानतात. भाषेच्या अभ्यासकांचे मत वेगळे आहे. मालेगाव, बागलाण, कळवण या पट्ट्यातील खेड्यांत अहिराणी बोलली जाते, सोयरिकी धुळे-जळगावकडे होतात आणि गिरणेचे पाणी चाळीसगाव-भडगावकडेच जाते. खुद्द मालेगावचे विनोदी चित्रफिती करणारे कलावंत आपल्या कामाच्या शीर्षकात ‘खानदेश’ हाच शब्द घालतात. सांस्कृतिक विषयात हा दुसरा पक्षच अधिक ग्राह्य वाटतो व येथे तोच स्वीकारला आहे.

चित्रपट-व्यवसायाची सीमारेषा मात्र या दोन्हींपेक्षा निराळी आहे आणि इथल्या प्रेक्षकाची आवड समजून घ्यायची तर ती पाहावीच लागते. हिंदी चित्रपटांच्या वितरणासाठी देशाचे जे विभाग पाडले गेले, त्यांत नाशिक जिल्हा साधारणपणे मुंबई विभागात मोडतो. जळगाव-धुळे हा भाग विदर्भाबरोबर सी. पी. बेरार, म्हणजे जुना मध्य प्रांत व वऱ्हाड, या विभागात. मध्य भारतातील वितरक-प्रदर्शकांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे मुख्य कार्यालय भुसावळला आहे. मुंबईपासून दूर असलेल्या या गावी असे कार्यालय का, याचे उत्तर रेल्वेत सापडते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळला दुभंगतो; एक फाटा खांडवा-इटारसीकडे, दुसरा अकोला-नागपूरकडे. चित्रपटाची प्रत रिळांच्या पत्र्याच्या पेट्यांतून जात असे, त्या काळात इथून कोणत्याही दिशेला पेटी पाठवणे सोपे होते. प्रती महाग असत, त्यामुळे मोजक्याच काढल्या जात. त्या आधी मोठ्या शहरांत, मग जिल्ह्याच्या ठिकाणी, शेवटी तालुक्याला व यात्रेतल्या तंबूत पोहोचत. पेटी आली नाही तर खेळ रद्द होई, आणि आली की टांग्यावर भोंगा लावून गावभर पुकारा केला जाई.

या उशिराचा परिणाम आजवरच्या लेखनात फारसा विचारात घेतलेला नाही. तालुक्याच्या प्रेक्षकाला चित्रपटाची गोष्ट आधीच ठाऊक असे. कोणी मुंबईला कामाला गेलेला भाऊ सांगे, कोणी भुसावळला पाहून आलेला. खलनायक मरणार, हे माहीत असूनच तिकीट काढले जाई. उत्सुकता असे ती तो कसा मरतो आणि मरण्यापूर्वी नायक काय बोलतो याची. पुढे मालेगावात जे घडले त्याची जमीन इथे तयार झाली, असे मानायला जागा आहे.

नायक काय बोलतो, हे ठरवणारा लेखकच. लेखकाचे नाव सामान्य प्रेक्षकाच्या तोंडी बसले ते सलीम खान व जावेद अख्तर यांच्यापासून, असे सामान्यतः मानले जाते. ‘जंजीर’च्या (१९७३) मुंबईतील भित्तिपत्रकांवर आपली नावे नाहीत हे पाहून त्यांनी रंगारी लावून ती रंगवून घेतली, ही हकिगत प्रसिद्ध आहे. सलीम खान इंदूरचे आणि इंदूर मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळ्याच्या पुढे. परंतु एवढ्यावरून त्यांचे खानदेशाशी नाते जुळवणे योग्य नव्हे. अधिक महत्त्वाची गोष्ट १९७५ नंतरची आहे. ‘शोले’च्या गाण्यांबरोबरच त्याच्या संवादांचीही ध्वनिमुद्रिका पॉलिडोर कंपनीने विक्रीस आणली आणि ती अमाप खपली. लग्नाच्या मांडवात, चहाच्या हॉटेलात, यात्रेतल्या पाळण्यापाशी कर्ण्यावरून हे संवाद वाजत. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या या मुलखात पोरांना पटकथेतले पानच्या पान पाठ झाले, तेही चित्रपट पडद्यावर पाहण्याआधी.

चित्रपटगृहातील प्रतिसादाचे प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत: नायकाच्या एन्ट्रीला शिट्ट्या, संवाद त्याच्या आधी म्हणणे, पडद्यावर चिल्लर उधळणे. यांपैकी चिल्लर उधळण्याच्या प्रथेचे मूळ वादग्रस्त आहे. काहींच्या मते ती तमाशातील दौलतजादेतून, म्हणजे कलावंताला पैसे देऊन दाद देण्याच्या रीतीतून, आली आणि खानदेशी तमाशाची जुनी परंपरा पाहता हे पटण्याजोगे वाटते. मात्र जिथे तमाशा कधी पोहोचलाच नाही, अशा दक्षिणेतील राज्यांतही ही प्रथा तितकीच जोमदार आहे. शिवाय दौलतजादा कलावंताच्या हाती पडते. पडद्यावर फेकलेले नाणे कोणत्याही नटाला मिळत नाही. दोन्हींचे मूळ एकच मानण्यापेक्षा तमाशाने इथल्या प्रेक्षकाला दाद उघडपणे देण्याची सवय लावली, एवढेच म्हणणे सावधपणाचे होईल. वगनाट्यातील दरोडेखोर नायकाचा मारधाडपटावरील प्रभावही असाच जपून मांडावा लागतो.

रहस्यकथांचे वाचन याच प्रेक्षकवर्गात वाढले. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; त्यांचे झुंजार, धनंजय-छोटू आणि काळा पहाड हे नायक दोन पिढ्यांनी वाचले. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर आले. शिरवळकरांचे दारा बुलंद आणि फिरोज इराणी हे तर चित्रपटाच्या चौकटीत सहज बसावेत असे नायक. या पुस्तकांचा खरा प्रसार झाला तो दिवसाच्या भाड्याने पुस्तक देणाऱ्या दुकानांतून. खिशात मावणारे, मळक्या पुठ्ठ्याचे, दोऱ्याने पुन्हा शिवलेले पुस्तक संध्याकाळी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत करायचे. उद्या जादा भाडे पडू नये म्हणून ते एका बैठकीत संपवले जाई. अशा वाचनाला साजेलशी रचना लेखकांनीही केली: छोटी प्रकरणे, प्रकरणाच्या शेवटी पिस्तूल किंवा दारावरची थाप, वर्णनापेक्षा संवाद जास्त. पटकथेचे तंत्र याहून फार वेगळे नाही.

भुसावळ जंक्शनवर मेरठ-दिल्लीकडील हिंदी पॉकेट बुके मिळत आणि रेल्वे कामगारांच्या वसाहतींत ती फिरत. उर्दूची धारा मालेगावची. १८५७ नंतर उत्तर भारतातून मोमीन विणकर इथे येऊन स्थायिक झाले. हातमागाचे यंत्रमाग झाले, पण घरची उर्दू टिकली. उर्दूतील सर्वांत मोठे रहस्यकथाकार इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ ही मालिका १९५२मध्ये अलाहाबादहून सुरू झाली. खलनायकाला लक्षात राहील असे नाव द्यावे, त्याला नायकाइतकेच उंच करावे, हे आपण इब्ने सफींकडून शिकलो, अशा आशयाची कबुली जावेद अख्तर यांनी जाहीरपणे दिली आहे. भाड्याच्या दुकानातली रहस्यकथा आणि मोठ्या पडद्यावरचा मारधाडपट यांच्यातला हा दुवा दस्तऐवजी स्वरूपाचा असल्याने अधिक मोलाचा ठरतो.

मालेगावातील निर्मितीचा आरंभ नासिर शेख यांच्या ‘मालेगाव के शोले’पासून धरतात. त्याचे साल बहुधा २००० दिले जाते; चित्रीकरण त्याआधी सुरू झाले असावे. शेख यांचे व्हिडिओ पार्लर होते. तिथे ते मूकपट आणि परदेशी मारधाडपट दाखवत. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून, एकावर चालवायचे आणि दुसऱ्यावर हवे तेवढेच उतरवायचे, अशा रीतीने कंटाळवाणे भाग गाळण्याचा उद्योग त्यांनी तिथेच सुरू केला. संकलन ते असे शिकले. प्रेक्षक यंत्रमागावर बारा-बारा तास उभे राहणारे कामगार. शुक्रवार हा मागांच्या सुटीचा आणि पिच्चरचा दिवस.

साधने तुटपुंजी होती. कॅमेरा पुढे सरकवायला सायकल, वर न्यायला बैलगाडी. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलींवरून आले. डाकूच्या सरदाराचे नाव रबर सिंग झाले आणि टांगेवालीचे बासमती. सायकलींवरचा दरोडा हा खर्चाच्या अडचणीतून निघालेला मार्ग असला, तरी पडद्यावर तो लेखकाच्या कल्पनेसारखा काम करतो. मूळ दृश्य पाठ असलेल्या प्रेक्षकाला टापांचा आवाज अपेक्षित असतो आणि त्याच्यासमोर पायडल मारत दमलेले, आपल्याच गल्लीतले डाकू येतात. हसू दोन्हींच्या मधल्या अंतरातून फुटते, आणि ते अंतर मोजून ठेवायला मूळ पटकथा नेमकी कळलेला लेखकच लागतो. स्त्री कलावंत गावात मिळत नसल्याने बाहेरगावाहून बोलावाव्या लागत. अशा वेळी त्यांच्या मोजक्या दिवसांत बसतील तेवढीच दृश्ये लिहिली जात.

या चमूत लेखक म्हणून फरोग जाफरी यांचे नाव प्रामुख्याने येते. ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये या लेखनाची जात स्पष्ट दिसते. परदेशी महानायक जगाला वाचवतो. मालेगावचा महानायक गुटखा, तंबाखू आणि घाण यांच्याशी लढतो. हिरव्या पडद्यासमोर नटाला आडवे धरून त्याला उडवले गेले. नायकाची भूमिका करणारे शफीक शेख स्वतः यंत्रमाग कामगार होते. २०११मध्ये तोंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पटकथेतल्या शत्रूने नायकाला प्रत्यक्षात गाठावे, ही गोष्ट मालेगावच्या चित्रपटांविषयी लिहिताना वगळता येत नाही. या चित्रपटाच्या निर्मितीवर फैझा अहमद खान यांनी केलेला माहितीपट २००८मध्ये पूर्ण झाला व २०१२मध्ये चित्रपटगृहांत लागला. काही संदर्भांत ही दोन साले एकमेकांच्या जागी पडलेली आढळतात.

मालेगावच्या चित्रपटांना विडंबन म्हणावे की रूपांतर, यावर एकमत नाही. इंग्रजी वृत्तपत्रांनी विडंबन हा शब्द रूढ केला. तो अपुरा आहे. विडंबनकार मूळ कृतीच्या वरच्या पायरीवर उभा राहून हसतो. मालेगावचा लेखक मूळ कृतीवर मनापासून प्रेम करतो आणि तिला आपल्या गावी नांदायला आणतो. अर्नाळकरांनी पाश्चात्त्य वळणाच्या कथानकांना मुंबईच्या चाळीत व बंदरावर आणले, तेव्हा त्याला कोणी विडंबन म्हटले नाही. तोच न्याय इथे लावायला हवा. दंगली आणि २००६ व २००८चे बाँबस्फोट यांनी होरपळलेल्या शहरात लोकांनी शेजाऱ्याला पडद्यावर पाहून हसणे, ही या लेखनाची किरकोळ कामगिरी नव्हे.

मूळ मारधाडपटांची ओढ मात्र कमी झाली नाही. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीत, ‘टायगर ३’ चालू असताना मालेगावच्या मोहन चित्रपटगृहात प्रेक्षकांनी आतच फटाके व बाण उडवले; लोक खुर्च्यांमधून पळाले आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. नायकाच्या भूमिकेतील सलमान खान यांनी हा प्रकार धोकादायक असल्याचे सांगून प्रेक्षकांना आवरण्याचे आवाहन केले. बंद गृहात आग लागली असती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही. अशा प्रकाराला उत्साह म्हणून सोडून देणारे लेखन बेजबाबदार मानावे लागेल.

रीमा कागती दिग्दर्शित आणि वरुण ग्रोवर लिखित, नासिर शेख यांच्या याच चमूवरचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट २०२४मध्ये टोरांटो महोत्सवात व फेब्रुवारी २०२५मध्ये भारतात प्रदर्शित झाला. त्यात नासिरइतकेच महत्त्व फरोग या लेखकाच्या पात्राला आहे. ती भूमिका विनीत कुमार सिंग यांनी केली.

व्हिडिओ पार्लरे बंद पडली, भाड्याच्या पुस्तकांची दुकाने बहुतेक उठली. मालेगावातील निर्मिती आधी व्हीसीडीवर आणि मग यूट्यूबवर गेली. ‘खानदेश का छोटू दादा’ या नावाने निघालेल्या विनोदी चित्रफिती देशभर पाहिल्या जातात व त्यांत मारधाडपटातील प्रसंग वारंवार येतात. अहिराणीतील निर्मिती मुख्यतः गाण्यांची आणि छोट्या विनोदी प्रसंगांची आहे. मारधाडपटाची भाषा अजून हिंदीच असून गावठी दादागिरी, शेताच्या बांधावरची भांडणे अशा विषयांवरच्या अहिराणी प्रसंगांतही मारामारी सुरू होताच पात्रे हिंदीत बोलू लागतात.