वजन नेहमीसारखं, तरी आजार असू शकतो

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अजून ऐकू येतं: 'खाण्याचा आजार? ते हाडकुळ्या, शहरी पोरींचं.' हे खरं नाही. बुलिमियात, म्हणजे बकाबका खाऊन मग ते ओकून किंवा तसंच काही करून भरपाई करण्याच्या आजारात, वजन बहुधा नेहमीसारखंच दिसतं, आणि तो मुलग्यांनाही होतो. खूण ताटात नव्हे, जेवणानंतर सापडते: कुंद्याचा डबा एकटीनं संपवून मोरीत जाणं, नळ सोडून ओकणं, बोटांच्या सांध्यांवर दातांचे वण, सुजलेले गाल. सततच्या ओकण्यानं पोटॅशियम घटतं, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून कळकळीनं सांगते, 'बारीक झालीस, छान!' असं पटकन म्हणू नका.

वजनासाठी कडक उपास केले की भूक उसळते, पुन्हा बकाबका खाणं होतं. भाकरी, आमटी, भाजी वेळेवर खाल्ली तर हे चक्र सैलावतं. शंका आली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे.